शिवनेरीएवढंच

दादाभाऊंनी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “तीन हजार साशे चाळीस? हात्तिच्या. म्हंजी आपल्या शिवनेरीएवढंच की.” आळेफाट्याला सुदर्शनचं टूरचं ऑफिस आहे, खाली औषधांचं दुकान आणि वर हे. तिथं आम्ही जुन्नर-आंबेगावातले अकरा म्हातारे-म्हाताऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून दक्षिण अमेरिकेतले डोंगर निवडत होतो. चारांतले दोन निवडायचे होते: कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया. प्रत्येकापुढं मुक्कामाच्या गावाचं नाव आणि त्यापुढं उंचीचा नुसता आकडा. सुदर्शननं तिकडच्या कंपनीच्या कागदावरून तो उतरवून घेतला होता आणि आकड्यापुढचं अक्षर खाल्लं होतं. मी तोंड उघडलं. मीटर, एवढंच म्हणायचं होतं मला. आमच्याकडं शिवनेरी साडेतीन हजार फूट हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं, गड सगळे फुटातच मोजायचे असतात, आणि बोलिव्हियातलं ते ला पाझ नावाचं गाव मीटरमध्ये होतं. म्हणजे बारा हजार फूट. आणि दादाभाऊंच्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्यात, हे त्या खोलीत माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी तोंड मिटलं आणि समोरच्या बाटलीतलं पाणी प्याले. सोपान गुरुजींनी तीस वर्षं भूगोल शिकवलाय. ते चष्मा पुसत म्हणाले, “बरोबर, शिवनेरी साडेतीन हजारच.” झालं. गुरुजींनीही शिक्का मारला, मग माझंच काय अडलं होतं?

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. असा आनंद की मला माझीच भीती वाटली. मी पर्स मांडीवर घेऊन तिचे बंद धरून बसले. सुदर्शन सांगत होता की जास्त उंचीवर कुणाकुणाला त्रास होतो, कुणाला हृदयाचं, दम्याचं काही असेल तर आधी सांगा, मग आपण खालचे दोन घेऊ, कोलंबियातले कॉफीचे डोंगर आणि इक्वेडोर. आणि दादाभाऊ मांडीवर थाप मारून म्हणाले, “आरं सुदर्शन, आमी दर रविवारी शिवनेरी चढतो. आमाला काय तरास सांगतो तू? लिव्ह, पेरू आन बोलिव्हिया.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. पण कागद मात्र माझ्या हातात आला. मी मंचरला सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं सिस्टर होते, ग्रुपमध्ये मला सगळे सिस्टरच म्हणतात, सगळ्यांचं बीपी मी बघते आणि इंग्रजी माझं बरं आहे. “सिस्टर ठरवतील ते फायनल,” दादाभाऊच म्हणाले, “शुक्रवारी दुपारपर्यंत कळवत्यात त्या.” स्वतःच्या हातानं विळा दिला मला त्यांनी. अकराही जणांनी हेल्थ फॉर्म भरले. दादाभाऊंनी हृदयविकारापुढं ‘नाही’ लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. दोन वर्षांपूर्वी बीपी मोजून घेताना त्यांनी मला सांगितलं होतं, पुण्यात जाऊन गुपचूप करून आलोय, घरात मंगलला म्हाईत हाय आन आता तुमाला, कुटं बोलू नका, लोकं लगीच म्हातारा म्हणत्यात.

तोंडावर मी त्यांना अहो-जाहो करते. मनात अरे-तुरे. मनात तर मी त्याला आणखी पुष्कळ काय काय म्हणते, ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढी वर्षं तो माणूस मला भेटलाच नव्हता हे खरं. मी तिकडं मंचरला, लग्न करून, लेकीला, मोहिनीला वाढवून, नवरा गेल्यावर रिटायर होऊन इकडं नारायणगावात दोन खोल्या घेतल्या, आणि शेजारीण म्हणाली ज्येष्ठांचा ग्रुप आहे, रविवारी शिवनेरीला जातात, या. गेले. पहिल्याच रविवारी दुसऱ्या दरवाज्यापाशी एक गृहस्थ कठड्याला धरून धापा टाकत उभे होते, आणि मागून एक जाड आवाज आला, “काय राव, येवढ्यात भाता फुटला?” बाकीचे हसले. मी पायरीवर खालीच बसले. लोकांना वाटलं मला चक्कर आली. कुणी पाणी दिलं, कुणी लिमलेटची गोळी दिली. भाता फुटला. छातीचा भाता झाला असं आम्ही सगळेच म्हणतो, पण फुटला असं म्हणताना मी आयुष्यात एकाच माणसाला ऐकलं होतं, आणि तेव्हा मी आठ वर्षांची होते. मी मान वळवून बघितलं. केस पांढरे, मिशा काळ्या केलेल्या, पोट सुटलेलं, पायांत तीन पट्ट्यांचे बूट. गोळी देणारा तोच होता. ती गोळी मी चघळली. अजून तिची आंबट चव माझ्या तोंडात येते आणि मी थुंकायला उठते.

माझा बाप यमाजी. अण्याच्या पठारावरचे आम्ही, मेंढरावाले. पठारावर पोरगी देऊ नये म्हणतात लोक, कारण तिथं पोरीचा अर्धा जन्म हंडा वाहण्यात जातो. दिवाळी झाली की बाप मेंढरं घेऊन खाली नदीकडं यायचा, शेतात रात्रीची मेंढरं बसवायचा, त्या खतावर शेतकरी खूश असायचे आणि आम्हाला बाजरी मिळायची. आई गेल्यावर त्या वर्षी त्यानं मला बरोबर घेतलं होतं. बापाला दमा होता. थंडीत त्याच्या छातीतून शिट्टी वाजायची. झोपेत मला ती बरी वाटायची, कारण शिट्टी आहे म्हणजे बाप शेजारी आहे. येडगावच्या शिवारात एका पहाटे तो खोकून खोकून बसल्या जागी डुलकला आणि मेंढरं हरभऱ्यात शिरली. घाटे भरलेले होते. कोवळा हरभरा म्हणजे मेंढरांना बर्फी. सगळं शेत नाही, एक कोपरा गेला. शेतकऱ्याचा मुलगा आला, सतरा-अठरा वर्षांचा, अंगात पांढरा बनियन, बरोबर चार-पाच मित्र. मारलं नाही त्यानं, ते मी मान्य करते. बरं झालं असतं मारलं असतं तर. म्हणाला, पोलिसात देत न्हाई, कोंडवाड्यात घालत न्हाई, आमी काय वाईट मान्सं न्हाई. ती लंगडी मेंढी खांद्यावर घे आन ती टेकडी चढून ये. तीनदा. म्हंजी पुन्यांदा झोप येणार न्हाई तुला. बाप हात जोडून हसला. गरीब माणूस हसतो ना तसं. आणि मेंढी उचलली. ती टेकडी फार मोठी नाही. मी नंतर, सिस्टर झाल्यावर, एसटीतून जाता-येता ती बघायची, आणि दर वेळी ती मला आणखी लहान दिसायची. पहिल्यांदा तो वर गेला, खाली आला. दुसऱ्यांदा गेला. खाली येताना त्याचे गुडघे लटपटत होते. तिसऱ्यांदा अर्ध्यात बसला. मेंढी खांद्यावर तशीच. लांबून मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, फक्त छाती दिसत होती, आत-बाहेर, आत-बाहेर, आणि खालून तो जाड आवाज, “काय रं, भाता फुटला?” आणि टाळ्या. त्या टाळ्या मला आजही ऐकू येतात. हात मात्र कुणाचेच दिसत नाहीत.

त्यानंतर बाप चार वर्षं जगला. पण मेंढरामागं चालला नाही पुन्हा. मेंढरं चाकणच्या बाजारात गेली, बाप ओट्यावर बसला आणि मी वसतिगृहाच्या शाळेत गेले. म्हणजे हिशेब बघितला तर मी शिकले ती त्या टेकडीमुळं. नाहीतर बाराव्या वर्षी माझं लग्न लागलं असतं आणि मीही कुठल्या तरी कळपामागं काठी घेऊन फिरले असते. हे मला कळत नाही असं नाही. शिवनेरीवरून उतरताना कितीदा हा विचार आलाय मनात, आणि दर वेळी मी त्याला शिवी घातलीय. म्हणून काय आता त्याला नारळ देऊ? शाल पांघरवू? बाप गेला तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि त्याचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे झाले होते. पुढं नर्सिंगच्या पुस्तकात त्या रंगाला नाव आहे हे मला कळलं. वर्गात बाई ते शिकवत होत्या आणि मी वहीत ते नाव न लिहिता ‘दादाभाऊ’ असं लिहिलं. नाव मला तेव्हापासून माहीत होतं, मित्र हाका मारत होते ना त्याला. चेहरा विसरले होते, नाव नाही.

मंगळवारी घरी आले आणि सुदर्शनचा कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. शुक्रवार दुपारपर्यंत तो तिथंच होता, मी त्याच्या कडेनं जेवले. कागदाबरोबर रंगीत पुस्तिका होती. बोलिव्हियाच्या पानावर एक फोटो. उघडंबोडकं पठार, लांबवर काहीच नाही, झाड नाही, झुडूप नाही, आणि एक बाई डोक्याला गोल काळी टोपी घालून मेंढरामागं उभी. तिचे गाल वाऱ्यानं फाटलेले. काठी धरायची पद्धत आमच्या आत्याची. खाली लिहिलं होतं, या भागाला स्थानिक भाषेत आल्तिप्लानो म्हणतात, म्हणजे उंच पठार. मी ते वाचलं आणि मला हसूच आलं. एवढं विमानात बसून, समुद्र ओलांडून, जगाच्या त्या टोकाला जाऊन बघायचं काय, तर अण्याचं पठार. पण मला जायचंच होतं. मोहिनीनं टूरचे पैसे भरल्यापासून मी जणू त्याच एका पानाची वाट बघत होते. त्या बाईसमोर उभं राहून नुसतं बघायचं होतं की तिथं मेंढराला हाक कशी मारतात. कॉफीच्या डोंगरात मला काय करायचंय? आणि त्याच पठारावर तोही येणार होता. दोन्ही गोष्टी एका टिचकीत. पेरू आणि बोलिव्हियापुढं खूण केली की माझं पठारही मला मिळणार होतं आणि तोही. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, ते असं.

मी सगळं मनात लावून बघितलं. रोग्याचा केसपेपर लिहावा तसं. विमानातून उतरला की पहिल्या दोन तासांत काही नाही, उलट उत्साह. मग डोकं. मग जेवण नको, मळमळ. ते तो कुणाला सांगणार नाही, मिशीला पीळ देईल. संध्याकाळी गावात फिरायला काढतील. त्या गावाचे रस्ते म्हणे सगळे चढाचेच आहेत, भिंतीसारखे. दहा पावलं आणि थांबेल. एखाद्या ओट्यावर बसेल. छाती आत-बाहेर, आत-बाहेर. आणि मी त्याच्यासमोर उभी राहीन, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावीन, आकडा बघीन. काही बोलणार नाही आधी. त्याला माझ्याकडं बघू देईन. मग विचारीन, काय दादाभाऊ, भाता फुटला? हे वाक्य मी बुधवारी आंघोळ करताना म्हणून बघितलं. मोठ्यानं म्हटलं. बाथरूममध्ये ते चांगलं घुमलं. मग लक्षात आलं की मी त्याच्यासारखा आवाज काढतेय, अगदी तोच जाड आवाज, आणि मी घाईघाईनं अंगावर पाणी ओतलं. मरेल तो? कदाचित. दोन स्प्रिंगा, वय सत्तर, गोळ्या वेळेवर घेत नाही. चौतीस वर्षं मी माणसं जगवायचं काम केलं. मला कुणी विचारलं तर मी काय सांगीन? त्यानंच फॉर्मवर ‘नाही’ लिहिलंय. आकडा त्यानंच वाचलाय. मी तर नुसती गप्प बसले. गप्प बसण्याला कुठल्या कायद्यात शिक्षा आहे? त्या दिवशी टेकडीखाली गप्प बसलेले नव्हते का कुणी? करावं तसं भरावं. हे सगळं मी उलटसुलट घोकलं, आणि तरी जेवण जाईना. आमटी पुन्हा पुन्हा गरम केली.

गुरुवारी दुपारी मंगलचा फोन आला. मंगल म्हणजे त्याची बायको. गुडघे गेलेत म्हणून ती येणार नाही. गरीब गाय आहे. “ताई, तिकडं थंडी किती वं? यांचं सोटर देऊ का आन काय? आन गोळ्या मी तुमच्याकडंच देते, यांच्याकडं दिल्या तर हे पिशवीतच ठिवत्यात.” मी म्हणाले द्या. “मला घोर लागला व्हता बगा, पर म्हन्लं सिस्टर हायेत. तुमच्या जिवावर सोडते यांना.” मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्या जिवावर. ह्या बाईनं माझं काय वाकडं केलंय? आणि माझ्या बापानं, त्या लंगड्या मेंढीनं कुणाचं काय वाकडं केलं होतं? मी मंगलवरच चिडले. अशा भोळ्या बायकांमुळंच असली माणसं सत्तरीपर्यंत सुखानं पोचतात. मग वाटलं, हे जरा जास्तच झालं. मग पुन्हा चिडले. दिवसभर असंच. खिडकीतून बायपासवरचे टोमॅटोचे ट्रक दिसत होते, मी ते बघत उभी राहिले.

शुक्रवारी सकाळी येडगावला गेले. फॉर्मवर प्रत्येकाचं ताजं बीपी लिहायचं होतं, बाकी दहांचं झालं होतं, माझं धरून. धरणाच्या पाण्याच्या कडेला त्याचा बंगला आहे, पुढं ओसरी, ओसरीवर झोपाळा, पलीकडं द्राक्षाचा मांडव. पाणी उतरलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळपेरीच्या जमिनीवर लांब कुणाची तरी मेंढरं चरत होती. मंगल आत चहा टाकत होती. मी झोपाळ्यासमोर खुर्ची ओढली आणि त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. दंड अजून भरलेला आहे. तो त्या मेंढरांकडं बघत होता. “ही मान्सं लई चिवट बगा सिस्टर,” तो म्हणाला. “आमच्या वेळंची गंमत सांगतो तुमाला.” मी हवा भरायला लागले. त्यानं सांगितली. गंमत म्हणूनच सांगितली. हरभरा, झोपलेला मेंढका, मारलं न्हाई, पोलिसात दिलं न्हाई, मेंढी खांद्यावर आन टेकडी तीनदा. “निस्ता खेळ झाला वो. आमी पोरंच व्हतो. आन त्याची एक पोरगी व्हती बरुबर, येवढीशी. तिला तर लई मजा आली. टाळ्या पिटत व्हती. येक झालं, दोन झालं, आसं वरडून मोजत व्हती. बाप वर पोचला की नाचायची. मी म्हन्लं, बगा, लेकीला बी कळतंय बापाची चूक हाय.” तो हसला. मी भरतच होते. काटा दोनशेच्या पुढं गेला. “आवो, दुखतंय,” तो म्हणाला.

खोटारड्या, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. आणि माझे तळहात गरम झाले. ते ओठांवर यायच्या आधीच. तो टाळ्या म्हणाला तेव्हाच. मी हवा सोडायचं विसरले, तो हात ओढायला लागला तेव्हा सोडली. मेंढी उचलताना बाप माझ्याकडं वळला होता. ‘निर्मे, मोज गं,’ म्हणाला होता. ‘चुकू नको हां, तीन मोजायचेत.’ असं म्हणाला होता हसत, डोळे बारीक करून, तो मला आट्यापाट्या खेळताना म्हणायचा तसं. मी घाबरले होते, त्या पोरांच्या हातांतल्या काठ्या बघून रडायच्या बेतात होते, म्हणून म्हणाला होता. आणि मी मोजलं. वर पोचला की तो हात हलवायचा. मी टाळ्या वाजवल्या. नाचलेही असेन. हात कुणाचे दिसत नव्हते, कारण आपले हात आपल्याला कसे दिसणार? तिसऱ्यांदा तो अर्ध्यात बसला तेव्हा मी ओरडले होते, नाय झालं, नाय झालं, तिसरं नाय झालं. हे कुणी ऐकलं? बापानं ऐकलं, वर बसून. आणि उठला. मेंढी घेऊन उठला आणि शेंड्यापर्यंत गेला. तो पोरगा खालून ‘बस झालं रं’ म्हणत होता. म्हणत होता. हे मला आत्ता, त्या झोपाळ्यासमोर आठवलं, बावन्न वर्षांनी, आणि मला त्याचा असा संताप आला की तेवढा कधीच आला नव्हता. कशाला सांगितलंस मेल्या? कुणी विचारलं होतं?

“किती आलं?” त्यानं विचारलं. मी म्हणाले, “दादाभाऊ, ते आकडे मीटरमध्ये आहेत.” “कुठले?” “ला पाझचे. फूट न्हाईत. बारा हजार फूट होतात.” मी हे का बोलले ते मला माहीत नाही. दया आली म्हणून नाही, एवढं नक्की. बहुतेक मला त्याचं तोंड बघायचं होतं, तिकडं जाईपर्यंत दम नव्हता मला. आणि दिसलं. तो आधी हसला, मग त्यानं ओठ हलवून हिशेब केला, मग त्याचा हात आपोआप बनियनच्या आत छातीवर गेला. भ्याला. एवढा मोठा माणूस, मी त्याला प्रथमच भ्यालेला बघितला. स्वयंपाकघराकडं मान वळवून बघितलं त्यानं, मग पुढं वाकून हळू म्हणाला, “मग सिस्टर, खालचंच घिऊ. कॉफीवालं. पर ग्रुपला माझं नाव सांगू नका. दर रविवारी मी पुढं आसतो, काय म्हणतील लोकं? आसं करा ना. तुमालाच दमा हाय म्हणून सांगा. बाईमाणूस हाये, कोण काय म्हणत न्हाई.”

मी म्हणाले, “दमा मला न्हाई. यमाजीला व्हता.” आणि पर्समधून फोन काढला. ग्रुप उघडला. अकरा जण, वर शिवनेरीचा फोटो. मी टाइप केलं आणि टाइप करताना त्याला वाचूनही दाखवलं, एकेक शब्द, मुद्दाम. ‘पेरू आणि बोलिव्हिया नक्की करावं. उंची मीटरमध्ये आहे, बारा हजार फूट, सगळ्यांनी डॉक्टरला दाखवून यावं. दादाभाऊंच्या छातीत दोन स्प्रिंगा आहेत. त्यांना हे झेपणार नाही. ते वर येणार नाहीत, खाली समुद्राकाठी लिमाला थांबतील.’ “नका,” तो म्हणाला. “सिस्टर, नका ना.” त्याचा आवाज पातळ होता. खाली मी सही केली. एरवी मी नवऱ्याचं नाव लावते. ‘निर्मला यमाजी, अणे पठार.’ आणि पाठवलं. त्याच्या खिशातला फोन वाजला. मग पुन्हा वाजला. गुरुजी असतील, काळजी घ्या म्हणत. पुन्हा वाजला. त्यानं तो बाहेर काढला नाही. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू. पाठीतून गार पाणी गेल्यासारखं. एका वाक्यात मी त्याचा सगळा तोरा उतरवला होता, त्याला जिवंत ठेवून, आणि पठार माझं मला मिळालं होतं.

तेवढ्यात त्यानं विचारलं, “यमाजी कोण?” खरंच विचारलं. त्याला माहीतच नव्हतं. त्याला मेंढका माहीत होता. बावन्न वर्षं मी ज्याचं नाव लक्षात ठेवलं, त्याच्या तोंडी माझ्या बापाचं नाव आज पहिल्यांदा आलं, आणि ते प्रश्न म्हणून. मग मी सांगितलं. दमा होता हे सांगितलं, चार वर्षं जगला हे सांगितलं, ओठांचा रंग सांगितला. मंगल चहाचे कप घेऊन दारात आली होती, तिथंच उभी राहिली. तो खाली बघत ऐकत होता, झोपाळा पायानं धरून. मला थांबता आलं असतं. तिथं थांबले असते तर सगळं माझ्या बाजूला होतं. पण तोंड एकदा सुटलं की सुटलं. “आन ती टाळ्या वाजवणारी पोर मी,” मी म्हणाले. “तिसरं झालं न्हाई म्हणून मीच वरडले. तो उठला तो माझ्यामुळं उठला.” पदराचा बोळा मी तोंडात धरला.

त्यानं मान वर केली. मला वाटलं आता तो काहीतरी म्हणेल, चूक झाली म्हणेल, पाया पडेल, निदान रडेल. त्याचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला. मग त्यानं तो जाड हात पुढं केला, पट्टा अजून दंडालाच होता, आणि माझ्या मनगटावर ठेवला. “लहान व्हता वो तुमी,” तो म्हणाला. “येवढीशी पोर. पोरं हसत्यातच. मनाला लावून घिऊ नका.” एवढंच. माफ केलं त्यानं मला. आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं, इतकं की त्याचा हात मी झटकलाही नाही. बाकीचं एक वेळ सोडून देईन मी, पण हे नाही.